‘रूमर्स’च्या रेकॉर्डवर एक गाणं कमी कसं?

प्रश्न: काकांच्या कपाटात फ्लीटवूड मॅक या बँडची ‘रूमर्स’ सापडली, 1977ची. फोनवर हा अल्बम ऐकून ऐकून पाठ झालाय, पण रेकॉर्डवर ‘साँगबर्ड’ला ‘स’ आला की चरचर होते, सुरुवातीच्या गाण्यांना अजिबात नाही. आणि फोनवर असलेलं ‘सिल्व्हर स्प्रिंग्ज’ हिच्यात नाहीच! रेकॉर्ड खराब आहे का? आणि व्हिनाइलवर, म्हणजे अशा रेकॉर्डवर, ऐकण्यात खरंच काही वेगळं असतं का?

उत्तर: आधी गाण्याचं बोलू, कारण रेकॉर्ड पूर्ण आहे. एका बाजूला साधारण वीसेक मिनिटंच नीट बसतात, त्याहून जास्त भरलं की खाचा दाटीने कोराव्या लागतात आणि आवाज बारीक होतो. ‘सिल्व्हर स्प्रिंग्ज’ लांब, म्हणून ते काढलं आणि ते लिहिणाऱ्या बँडच्या गायिकेला, स्टीव्ही निक्सला, याचं फार वाईट वाटलं. तेव्हा ते फक्त ‘गो युअर ओन वे’च्या सिंगलच्या, म्हणजे बाजूला एकेकच गाणं असलेल्या छोट्या रेकॉर्डच्या, मागच्या बाजूला आलं, अल्बममध्ये ते घातलं गेलं नंतरच्या काही आवृत्त्यांमध्ये, तुम्ही ऐकताय ती त्यातलीच.

आता चरचर. तबकडी मिनिटाला 33⅓ फेऱ्या या एकाच वेगाने फिरते, पण बाहेरच्या कडेला एका फेरीत सुईला जवळपास 90 सेंमी खाच मिळते आणि लेबलापाशी चाळीसच्या आसपास, म्हणजे तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो आणि ‘स’सारखे तीक्ष्ण आवाज तिथेच आधी फाटतात. ‘साँगबर्ड’ पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं, त्यामुळे ते बिचारं नेमकं त्या जागी सापडलंय. दुसऱ्या बाजूला ‘गोल्ड डस्ट वुमन’चंही तेच होईल बघा. सुई जुनी असेल तर आधी ती बदला, कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) खाचेशी सरळ बसलंय का आणि सुईवरचं वजन कंपनीने सांगितलंय तेवढंच आहे का ते तपासा, आणि खाचेत धूळ असेल तर रेकॉर्ड नीट पुसून घ्या. इतकं करूनही थोडी चरचर राहिली तर जुन्या सुईने खाच झिजवलेली असू शकते, ती काही भरून येत नाही.

आणि वेगळं काय ते विचारलंत म्हणून सांगतो, माझ्यासाठी ते ‘साँगबर्ड’ संपल्यावरच्या शांततेत आहे. हे गाणं बँडच्याच क्रिस्टीन मॅक्वीने कॅलिफोर्नियातल्या बर्कलेच्या रिकाम्या सभागृहात पियानोवर म्हटलंय, बाकीचं बरंचसं रेकॉर्डिंग सॉसॅलिटोच्या स्टुडिओत झालं. ते संपतं, सुई उचलते, तुम्ही उठता, रेकॉर्ड उलटता आणि मग ‘द चेन’ सुरू होतं, या अल्बममधलं बँडच्या पाचही जणांच्या नावावर असलेलं एकमेव गाणं. तेव्हा क्रिस्टीन आणि जॉन मॅक्वीचा संसार मोडलेला, स्टीव्ही आणि लिंडसी बकिंगहॅम वेगळे झालेले, तरी सगळे एकाच स्टुडिओत बसून एकमेकांबद्दलचीच गाणी वाजवतायत! फोनवर दोन गाण्यांमध्ये क्षणभराची फट पडते आणि तुम्ही थेट ‘द चेन’मध्ये जाऊन पडता. रेकॉर्डवर मध्ये श्वास घ्यायला मिळतो, म्हणून ते गाणं जास्त लागतं असं माझं प्रामाणिक मत आहे.

सुई बदललीत की पहिली बाजू पुन्हा लावा आणि या वेळी उलटायची घाई करू नका. ‘द चेन’मध्ये सगळं थांबून जॉनचा बास गिटार एकटा येतो तिथे आवाज थोडा वाढवा.