वाचकांचे प्रश्न : नवा सोबती आणि अचानक ठरलेली डोंगरयात्रा

प्रश्न : नुकतीच ओळख झालेल्या एका व्यक्तीबरोबर या आठवडाअखेरीस तंबू घेऊन दोन रात्रींच्या डोंगरभटकंतीला जायचे अचानक ठरले आहे. निघण्यापूर्वी कोणत्या गोष्टी बोलून घ्याव्यात?

उत्तर : सर्वांत आधी चालण्याच्या वेगाबद्दल बोलावे, कारण नव्या जोडीत कुरबुरी बहुधा तिथूनच सुरू होतात. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये मांडलेला ठोकताळा आजही उपयोगी पडतो : सपाटीवर दर पाच किलोमीटरला एक तास धरावा आणि चढाच्या दर सहाशे मीटरमागे आणखी एक तास मिळवावा. हा हिशेब विश्रांती धरत नाही आणि पाठीवरचे ओझेही फारसे जमेस धरत नाही. त्यामुळे दोघांपैकी जो सावकाश चालतो, त्याच्या गतीने वेळ मोजावा व त्यालाच पुढे ठेवावे.

तंबू, स्टोव्ह आणि भांडी वाटून घ्यावीत, मात्र नकाशा, विजेरी, प्रथमोपचाराचे साहित्य व पावसाळी जाकीट प्रत्येकाच्या सॅकमध्ये स्वतंत्र असावे. धुक्यात चुकामूक झाली, तर सगळी गोळ्या-औषधे दुसऱ्याच्याच पाठीवर असणे परवडत नाही. दमा, ॲलर्जी किंवा चालू औषधे यांविषयी विचारण्यात संकोच नको. किती वाजता माघारी वळायचे, हे घरूनच ठरवावे आणि एकाने ‘परतू या’ म्हटल्यास दुसऱ्याने वाद घालू नये. या अटीला सोबती कुरकुरला, तर मी तरी बेत रद्द करीन. मार्ग व परतीची वेळ घरच्यांना लिहून द्यावी.