सुया वाटणाऱ्या संस्थेत इंटर्नशिप, पाठवू का?

प्रश्न: ताई, आम्ही मिरजेचे, मुलगी एमएसडब्ल्यूला आहे, तिला सांगलीत एका संस्थेत इंटर्नशिप मिळालीय पण तिथं नशा करणाऱ्यांना नव्या सुया देतात म्हणे, हे व्यसनाला खतपाणीच ना? तिचे बाबा नकोच म्हणतात.

उत्तर: काळजी वाटणारच हो, पण खतपाणी नाही हे. एकच सुई चौघांत फिरली की एचआयव्ही, कावीळ सी पसरते, म्हणून वापरलेली परत घेऊन नवी द्यायची, आणि त्या निमित्तानं रोज भेटणारा माणूस एक दिवस स्वतःहून विचारतो, ताई, नशेची सुई सुटावी म्हणून जिभेखाली ठेवायची गोळी देतात, ती कुठं मिळते? सरकारचा नॅको, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमही हेच करतो, आणि सांगलीत तर संग्राम संस्था 1992 पासून सेक्स वर्कर बायकांसोबत एचआयव्ही रोखायचं काम करतेय, आपल्याला हे नवीन नाहीये.

फक्त संस्थेला आधी विचारा, पोरीसोबत फिल्डवर अनुभवी कार्यकर्ती असेल का. वापरलेली सुई हातानं उचलायची नाही, टोपण परत लावायचं नाही, जाड डब्यातच टाकायची. टोचलीच तर साबण-पाण्यानं धुवून लगेच सिव्हिल गाठायचं, एचआयव्ही रोखणारं औषध 72 तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, जितकं लवकर तितकं चांगलं, आणि 28 दिवस घ्यायचं.

आणि हो, तिथं येणाऱ्या कुणाचं नाव तिनं घरी जेवतानासुद्धा काढायचं नाही, तुम्हीही विचारू नका. बाबांना एकदा संस्थेत घेऊन जा, चहा प्या तिथं, बोला त्या माणसांशी.