भाव वाढला की रुपया आटला?

घर आणि पैसा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही 2001च्या दसऱ्याला ठाण्यात वन बीएचके दहा लाखांना घेतला. आज एजंट ऐंशी लाख सांगतो. पण माझा भाचा म्हणतो, रॉबर्ट शिलर नावाच्या नोबेल मिळालेल्या प्राध्यापकाने दाखवून दिलंय की गुंतवणूक म्हणून घरात काही राम नाही. मग आमचे ऐंशी लाख खोटे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : ऐंशी लाख खोटे नाहीत, पण सध्या ते एजंटच्या तोंडचे आहेत. खरेदीखतावर सही होईल तेव्हा तुमचे. भाच्याचं म्हणणं बरोबर आहे, फक्त त्याने ते निम्मंच सांगितलं.

आधी हिशेब करू. प्राप्तिकर खात्याचा महागाई निर्देशांक 2001-02 साठी 100 धरलाय, 2025-26 साठी तो 376 आहे. म्हणजे तेव्हाच्या दहा लाखांचे आजचे साडेसदतीस लाख झाले. आठपट, आठपट म्हणतो ती वाढ खरी सव्वादोनपटीच्याही आत आली. चोवीस वर्षांत विभागली तर वर्षाला तीन टक्क्यांच्या थोडी वर. त्यातही हा निर्देशांक शहरी महागाईचा पाऊण हिस्साच धरतो, त्यामुळे खरा आकडा आणखी खाली. यातून मुद्रांक शुल्क, सोसायटीचं मेंटेनन्स, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, दोनदा बदललेली लिफ्ट हे सगळं वजा करायचं राहिलंच आहे.

येल विद्यापीठाचे शिलर आणि वेलस्ली कॉलेजचे कार्ल केस यांनी 1980च्या दशकात अमेरिकेतल्या घरांसाठी असाच हिशेब मांडायला घेतला. सरासरी भाव फसवतो हे त्यांनी ओळखलं होतं. एखाद्या वर्षी बंगले जास्त विकले गेले की कोणाच्याही घराची किंमत न वाढता सरासरी वर जाते. म्हणून त्यांनी तेच घर दुसऱ्यांदा विकलं गेलं तेव्हा काय आलं, एवढंच मोजलं. ही कल्पना 1963 सालची, दुसऱ्यांची. या दोघांनी ती घासूनपुसून वापरात आणली. पुढे शिलरनी जुने आकडे जोडून 1890पर्यंतची मालिका तयार केली. तिच्यात महागाई वगळली तर 1890 ते 1990च्या दशकाचा मध्य एवढ्या काळात अमेरिकन घराचा भाव जवळपास होता तिथेच दिसतो. मधे दोन महायुद्धं झाली, लोकसंख्या कितीतरी वाढली, तरीही. मग 1997 ते 2006 या नऊ वर्षांत महागाई वगळूनही 85 टक्के उसळी. पुढे भाव कोसळले आणि 2008 साली आर्थिक संकट आलं, ते जगाने पाहिलं.

भाच्याने गाळलेला भाग असा : शिलरच्या आलेखात वाचलेलं भाडं नाही. तुम्ही चोवीस वर्षं त्या घरात राहिलात आणि दर महिन्याला कुणाला भाडं मोजलं नाहीत. घराची खरी कमाई ती. भाववाढ ही वरची मलई, आणि ती दर वेळी येतेच असं नाही.

प्रश्न : भाव चढायला कारणं असतातच. आमच्याकडे मेट्रो आली, आयटी कंपन्या आल्या. मग प्राध्यापक मंडळी कोणत्या वाढीला फुगा (रास्त कारणाशिवाय फुगलेला, पुढे फुटणारा भाव) म्हणतात आणि कोणत्या नाही? (एक वाचक, पिंपरी-चिंचवड)

उत्तर : अगदी हाच प्रश्न कार्ल केसना 1986 साली बॉस्टनबद्दल पडला. तिथे भाव सुसाट निघाले होते. त्यांनी नोकऱ्या, पगार, व्याजदर, बांधकामाचा खर्च ही सगळी रास्त कारणं घालून गणित मांडलं. या कारणांनी भाव साधारण 15 टक्के चढायला हवे होते. ते 1988मध्ये थांबेपर्यंत 140 टक्क्यांच्यावर चढले. मधल्या फरकाला ना मेट्रो होती ना पगार.

मग दोघांनी मला फार आवडणारी गोष्ट केली : सरळ लोकांना पत्रं पाठवून विचारलं. 1988मध्ये नुकतंच घर घेतलेल्या सुमारे दोन हजार जणांना प्रश्नावली गेली. लॉस एंजेलिसचा परिसर आणि सॅन फ्रान्सिस्को, जिथे बाजार तापला होता. बॉस्टन, जिथे तो नुकताच गार पडला होता. आणि मिलवॉकी, जिथे काहीच घडत नव्हतं. पुढची दहा वर्षं तुमच्या घराची किंमत दरवर्षी किती टक्के वाढेल, असं विचारल्यावर कॅलिफोर्नियावाल्यांचं सरासरी उत्तर 14-15 टक्के आलं. मिलवॉकीत त्याच्या निम्मं. दरवर्षी 15 टक्के म्हणजे दहा वर्षांत चौपट, हे लिहिताना कोणी कॅलक्युलेटर काढला नसावा. ‘आत्ता नाही घेतलं तर पुढे परवडणारच नाही’ हे वाक्य तापलेल्या शहरांत बहुतेकांना पटलं होतं. आणि भाव कशामुळे चढले असं विचारलं की उत्तर ‘लोकांचं मन’ नव्हे, ‘आर्थिक कारणं’. मेट्रोच्या जागी दुसरं काही, एवढाच फरक.

मी त्या काळात एका बँकेच्या गृहकर्ज टेबलावर होतो. 1995च्या सुमारास मुंबईत भाव आभाळाला भिडले होते. नरिमन पॉइंटच्या ऑफिसांचं भाडं जगातल्या सर्वांत महागांत गणलं जायचं. अर्जदाराला ‘एवढा हप्ता झेपेल का?’ विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘साहेब, मार्चनंतर रेट वाढणार, बिल्डरने सांगितलंय.’ पगाराची स्लिप समोर असायची आणि बोलणं मात्र मार्चचं. पुढची काही वर्षं तेच भाव घसरत राहिले. केस-शिलरची प्रश्नावली मी बऱ्याच उशिरा वाचली, पण तिच्यातली माणसं मला आधीच भेटलेली होती.

म्हणून माझी कसोटी तीच. घेणाऱ्याला कारण विचारा. ‘मुलीची शाळा जवळ आहे’ म्हणाला तर ते घर. ‘दोन वर्षांत डबल’ म्हणाला तर सावध व्हा. सगळ्यांना ही कसोटी मान्य नाही. 2013 साली शिलरबरोबरच नोबेल मिळालेले युजीन फामा तर फुगा हा शब्दच मानत नाहीत. कधी फुटणार ते आधी सांगता येत नसेल तर नाव तरी कशाला, असा त्यांचा आक्षेप. तो अगदीच फेकून देण्याजोगा नाही. केस आणि शिलर यांनीच 2003च्या निबंधात लिहिलं होतं की अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांतली भाववाढ उत्पन्नवाढीतून समजावता येते. तीन वर्षांनी शिखर आलं आणि तिथून देशभराचा निर्देशांक सुमारे 27 टक्के खाली आला. तुम्ही ‘कधी’ विचारलं नाहीत, ते बरं केलंत.

प्रश्न : आम्ही ॲम्स्टरडॅमजवळ ॲम्स्टेलवेनला राहतो. मागितलेल्या किमतीच्या वर बोली लावल्याशिवाय इथे घर मिळत नाही. डच लोक म्हणतात, इथे भाव पडतच नाहीत. (एक वाचक, नेदरलँड्स)

उत्तर : तुमच्यापासून ट्रामच्या अंतरावर याचं उत्तर उभं आहे. हेरेनग्राख्त कालव्यावर सतराव्या शतकातल्या व्यापाऱ्यांची घरं अजून जागेवर आहेत आणि त्यांच्या विक्रीच्या नोंदीही. मास्ट्रिख्टचे प्राध्यापक पीट आइखहोल्ट्झ यांनी 1628 ते 1973 एवढ्या काळातले त्यांचे व्यवहार गोळा करून निर्देशांक बांधला. देशातल्या सर्वांत श्रीमंत पत्त्यावर, जवळपास साडेतीनशे वर्षांत, महागाई वगळून भाव किती वाढले? साधारण दुप्पट. तेही सरळ रेषेत नव्हे. फ्रेंच अंमलात असे कोसळले की त्या पिढीला ‘पडत नाहीत’ म्हणून दाखवा. इतकं जुनं कशाला, 2008 ते 2013मध्ये तुमच्या देशभरच भाव पाचव्या हिश्श्याने उतरले होते. तेव्हाचे विक्रेते आज बोली लावायला सांगत फिरत असतील.

प्रश्न : आमच्या सोसायटीपुरता शिलरसारखा हिशेब आम्हाला करता येईल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : येईल. राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ‘ई-सर्च’मध्ये इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा गोषवारा, पाहता येतो. आपल्या इमारतीतला दोनदा विकला गेलेला फ्लॅट शोधा आणि दोन्ही मोबदले लिहून काढा. रेडी रेकनरचा दर घेऊ नका, तो सरकारने शुल्कासाठी ठरवलेला असतो. जुन्या व्यवहारात साठ-चाळीस झालं असेल, म्हणजे चाळीस टक्के रोख, तर तेव्हाचा कागदावरचा भाव खोटा कमी आणि त्यामुळे वाढ खोटी जास्त दिसेल. त्या मजल्यावरच्या जुन्या शेजाऱ्यांना विचारून घ्या, इतक्या वर्षांनी लोक सांगतात. चौरस फुटाचा दर ताडून पाहू नका, कारण जुन्या करारात बिल्टअप (भिंतींसकटचं) क्षेत्रफळ असतं आणि महारेरा या राज्याच्या घरबांधणी नियामकानंतरच्या करारात कार्पेट (आतलं वापरायचं). अख्ख्या फ्लॅटची रक्कम घ्या. आकडे आले की पाठवा, पुढच्या अंकात मांडून दाखवतो. फ्लॅट नंबर खोडून पाठवा म्हणजे झालं.