शिष्यवृत्तीचे पैसे मुलाऐवजी वडिलांच्या खात्यात घेता येतात का?

तुमचा मुलगा अकरावीला गेलाय. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे पैसे त्याच्याच खात्यात जमा होतात, असं तुम्हाला कळलं. तो मोबाईलवर उडवेल ही भीती, म्हणून ते तुमच्या खात्यात वळवता येतील का, आणि दहावीनंतर आणखी काय काय मदत मिळते, असं तुम्ही विचारलंय.

वळवता येत नाहीत. आणि येत नाहीत तेच बरं आहे.

एवढं सांगून थांबायला हवं होतं. पण 'मोबाईलवर उडवेल' हे वाक्य मी गेली बारा-तेरा वर्षं आमच्या भावकीतल्या प्रत्येक लग्नात ऐकतोय, त्यामुळे आता लांबण लागणार.

मी २०१० साली दहावी झालो. गावात शाळा दहावीपर्यंत, कॉलेज तालुक्याला, अठरा किलोमीटर. फी ही आमच्या घरात कधी अडचण नव्हतीच. जे लोक 'फी तर माफ असते, मग अडतं कुठं?' असं विचारतात, त्यांनी कधी एसटीचा पास काढलेला नसतो. विद्यार्थ्यांना दोन तृतीयांश सवलत असूनही तेव्हा मला महिन्याचा पास अडीचशेच्या घरात पडायचा. घरून ये-जा करणाऱ्या अकरावी-बारावीच्या मुलाला शिष्यवृत्तीचा निर्वाह भत्ता होता महिन्याला २३० रुपये, तोही दहा महिने. म्हणजे पहिल्या तारखेला हातावर पडला असता तरी वरचे वीस रुपये माझेच.

पण पहिली तारीख कुठली? अकरावीचा फॉर्म भरला, अकरावी संपली. बारावीचा भरला. कॉलेजच्या खिडकीवरचे क्लार्क मान वर न करता म्हणायचे, "वरून आलं नाही." वरून म्हणजे नेमकं कुठून, हे त्यांनाही माहीत नसावं.

बारावीच्या डिसेंबरात पास संपला. पहिल्या दिवशी कंडक्टरनं पासावरची तारीख बघितली आणि काही न बोलता परत दिला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "उद्या काढून ये बरं का." तिसऱ्या दिवशी मी फाट्यावर गेलोच नाही. कापूस वेचायला गेलो. किलोला पाच रुपये भाव होता. मी सराईत नव्हतो, तरी दिवसाकाठी तीसेक किलो व्हायचा. दीडशे रुपये. दोन दिवसांच्या वेचणीत महिन्याच्या शिष्यवृत्तीपेक्षा जास्त पैसे! हे गणित घरात सगळ्यांना पाठ होतं, बोलून कोणी दाखवत नव्हतं. काका सोडून. काकांचं म्हणणं असं की सरकारनं सक्ती केलीय ती चौदा वर्षांपर्यंत, आठवीपर्यंत. त्यापुढचं शिक्षण ज्याची त्याची हौस.

एकोणीस दिवस वेचला. वाळलेल्या बोंडाची टोकं नखांच्या कडेला घुसतात, तिथं चिरा पडतात आणि त्या लवकर भरत नाहीत. जानेवारीत वेचणीच्याच पैशातून पास काढून वर्गात गेलो, तर पेन धरवेना. बुक-कीपिंगमध्ये 'बिल ऑफ एक्स्चेंज'चं प्रकरण तोवर संपलेलं. मुदत, देय तारीख, हुंडी न वटणं, सगळं मी नंतर मित्राच्या वहीतून उतरवलं. त्या विषयात ४१ मार्क पडले.

शेजारच्या ओळीत ताई वेचत होती. ती माझ्याआधी दोन वर्षं दहावी झाली होती, माझ्यापेक्षा चांगल्या मार्कांनी. अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना एसटीचा पास मोफत असतो, पण तेव्हा तो दहावीपर्यंतच होता. गावातल्या शाळेसाठी तिला त्याची गरजच नव्हती, आणि गरज पडली तेव्हा तो मिळत नव्हता. दोन वर्षांनी माझाही पास लागणार आणि दोन पास घराला झेपणार नाहीत, हे सांगायला कोणी बैठक वगैरे घेतली नाही. तिनं अकरावीचा फॉर्मच आणला नाही, एवढंच. आता हा पास बारावीपर्यंत मोफत आहे. मला विचाराल तर गेल्या पंधरा वर्षांत मुलींसाठी झालेल्या कामांत हे सर्वांत मोलाचं, कारण ते रोज सकाळी फाट्यावर उभं असताना उपयोगी पडतं.

तर पैसे आले जुलै २०१२ मध्ये. बारावी होऊन गेल्यावर. दोन्ही वर्षांचे मिळून ४,६०० रुपये. त्यातले बाराशे किराणा दुकानाच्या उधारीत गेले, दीडेक हजार बीकॉमचा प्रवेश आणि पुस्तकांत, हजार वडिलांच्या हातात. आणि नऊशेचा मी एक जुना बटणांचा मोबाईल घेतला.

काकांच्या लक्षात राहिले ते नऊशे. "बाबासाहेबांनी यासाठी दिली का रे शिष्यवृत्ती?" हे त्यांचं वाक्य. ही शिष्यवृत्ती १९४४ पासूनची आहे, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात होते तेव्हाची. माहिती काकांना माझ्याइतकीच आहे, म्हणून तर ते वाक्य इतकं झोंबतं. त्या मोबाईलवर मला तालुक्याच्या मंडपवाल्याचे फोन यायचे: आज रात्री ये, अमक्या कार्यालयात खांब उभे करायचेत. अठरा किलोमीटरवरून माणूस पाठवून कोणी बोलावत नसतं. बीकॉमची तिन्ही वर्षं पास त्यातून निघाला. काकांना हे शंभरदा सांगून झालंय. ते म्हणतात, "मोबाईल तो मोबाईलच."

आता तुमचं काम. मी दिवसा हिशेबनीस आहे आणि जूनपासून संध्याकाळी गावातल्या पोरांचे महाडीबीटीचे (म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलचे) फॉर्म भरून देतो, त्यावरून सांगतो. पैसे मुलाच्या आधारशी जोडलेल्या खात्यात जातात. पोराची दोन खाती असली तर फॉर्मबरोबर कोणतं पासबुक जोडलंय याला अर्थ नाही. आधार शेवटचं ज्या बँकेला जोडलं तिथं रक्कम पडते. निम्म्या तक्रारी इथल्याच असतात. उत्पन्नाचा दाखला तहसीलचा लागतो, अनुसूचित जातीसाठी मर्यादा अडीच लाख. बारावीला पुन्हा अर्ज करावा लागतो, आपोआप पुढे चालू राहत नाही. फॉर्म भरला म्हणजे झालं असं समजू नका, तो कॉलेजच्या लॉगिनवरून पुढे सरकलाय का ते दर आठवड्याला बघा, आणि त्रुटी काढून परत आला असेल तर त्याच दिवशी दुरुस्त करा.

आणि ज्याची तुम्हाला एवढी काळजी आहे ती रक्कम किती? २०२०-२१ पासून अकरावी-बारावीला घरून जाणाऱ्यास वर्षाला २,५००, वसतिगृहात राहणाऱ्यास ४,०००. माझ्या वेळी वर्षाचे २,३०० होते. इतक्या वर्षांत दोनशे रुपये वाढले. वर्षाला, महिन्याला नव्हे! यात कोणता मोबाईल येतो ते मलाही सांगा.

दहावीला ७५ टक्के किंवा त्याहून जास्त असतील तर राजर्षी शाहू महाराज गुणवत्ता शिष्यवृत्तीचे महिन्याला ३०० दहा महिने मिळतात, तो अर्ज वेगळा भरा. मुलगा बाहेरगावी राहणार असेल आणि सरकारी वसतिगृहात नंबर लागला नसेल तर स्वाधार योजना बघा, त्यात राहण्या-जेवणाच्या खर्चासाठी पैसे मिळतात. तीच एक रक्कम खऱ्या खर्चाच्या जवळपास जाते: मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणी वर्षाला ६०,०००, इतर महापालिकांच्या हद्दीत ५१,०००, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,०००. आदिवासी मुलांसाठी अशीच 'स्वयंम' आहे, पण ती बारावीनंतरच्या शिक्षणासाठी. एनएमएमएस ही केंद्राची गुणवत्ता शिष्यवृत्ती नववी ते बारावी वर्षाला १२,००० देते, पण ती परीक्षा आठवीत द्यायची असते, म्हणजे तुमच्या मुलाची वेळ गेली. धाकटं कोणी असेल तर चुकवू नका. हे सगळं मी अनुसूचित जातीच्या हिशेबानं लिहिलंय. तुमचा प्रवर्ग तुम्ही लिहिलेला नाही. दुसरा असेल तर आकडे बदलतील.

हेही कबूल करतो की पैसे उडवणारी पोरं असतात. माझ्या बाकावरच्या मित्रानं दोन वर्षांची रक्कम पंधरा दिवसांत संपवली, कशात ते लिहीत नाही. तुमचा मुलगा कसा आहे ते तुम्हाला ठाऊक, मला नाही. आणि काका म्हणजे कोणी खलनायक नव्हेत. ताईच्या लग्नातलं निम्मं कर्ज त्यांनी फेडलं, आणि तेही कधी बोलून दाखवलं नाही. पण कधीतरी येणाऱ्या अडीच हजारांवर पहारा देण्यापेक्षा मुलाला दर महिन्याचा पास पहिल्या तारखेला काढून द्या. त्याचं शिक्षण तिथं अडेल, खात्यात नाही.

गेल्या आठवड्यात काकांचा फोन आला. नात अकरावीला गेलीय, फॉर्म भरून दे म्हणाले. मग जरा थांबून, "पैसे माझ्या खात्यावर घेता येतात का रे?" मी नाही म्हणालो. उत्पन्नाचा दाखला घेऊन या, एवढंच सांगितलं. अजून आणलेला नाही.