आधी चिठ्ठी, मग पाणी

परभणी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. स्पेनच्या लान्झारोटे बेटावरच्या लाव्हाच्या बोगद्यातला तो पांढरा, आंधळा, खेकड्याच्या गोतातला चिमुकला जीव तुझ्या डोक्यातून जाईना असं दिसतं. तिथल्या खाऱ्या कुंडात लोक हौसेनं नाणी टाकायचे. नाणी गंजली की धातू पाण्यात उतरतो, त्या जिवांना बाधतो, म्हणून मनाई करावी लागली. पण विमानाच्या तिकिटासाठी अडून बसू नकोस. बाथिनेला नावाचा असाच बिनडोळ्यांचा कवचधारी 1882 साली जगासमोर आला तो प्रागच्या विहिरीतून. आंध्रातही त्याचे भाऊबंद जमिनीखालच्या पाण्यात मिळालेत. तेव्हा आपल्याच विहिरी-बोअरांत शोध.

नारू, म्हणजे पाण्यावाटे अंगात शिरणाऱ्या लांब जंताचा रोग, होता तेव्हा आपल्याकडं बारवेचं पाणी फडक्यातून गाळायचे, कारण नारूची पिल्लं पोटात बाळगणारा सायक्लॉप्स नावाचा पाण्यातला बारीक जीव त्यात अडकायचा. 2000 साली देश नारूमुक्त जाहीर झाला, फडकं सुटलं. तू ते पुन्हा बांध, फक्त बारीक विणीचं. बोअरच्या पाइपाला नायलॉनची जाळी लाव आणि सुरुवातीचं गढूळ पाणी फेकू नकोस. गाळ काळ्या बशीत घे. पांढऱ्यात हे जीव दिसत नाहीत. मग भिंग. उजेडातल्या सायक्लॉप्सच्या कपाळावर एकच डोळा असतो, तांबड्या ठिपक्यासारखा. अंग दुधी आणि तो ठिपका शोधूनही सापडेना, तर हात जपून चालव.

आता माझी फजिती ऐक. तरुणपणी मी वीस विहिरींचे नमुने स्पिरिटमध्ये भरले आणि बाटल्यांवर बॉलपेननं गावं लिहिली. पिशवीत स्पिरिट झिरपलं, शाई धुऊन गेली. दोन बाटल्यांत बिनडोळ्यांचे निघाले. गाव कुठलं? देव जाणे! असा जीव कधी कधी एकाच पट्ट्यातल्या पाण्यात असतो, दुसरीकडं कुठंच नाही. ठिकाण हरवलं की तो नमुना कामाचा नाही. सगळं ओतून दिलं मी, अजून चुटपुट लागते.

म्हणून चिठ्ठी शिसपेन्सिलीनं, बाटलीच्या आत, आणि पाणी घ्यायच्या आधी. गाव, विहीर कुणाची, पाणी किती हातांवर, तारीख.

शेतमालक विचारील, “पाण्यात किडे हाईत का?” घाबरवू नकोस, भिंग त्याच्याच हातात दे. विहिरीत नुकतीच ब्लिचिंग पावडर पडली असेल तर तिथं वेळ घालवू नकोस.

जाळी माझ्याकडं आहे, मृगाच्या आधी येऊन घेऊन जा. पेन्सिल तुझी आण.

तुझे सर