अर्ध्या फुलाचे झुडूप

प्रश्न : लक्षद्वीपच्या किनाऱ्यावर एक दाट, हिरवेगार झुडूप पाहिले. त्याचे प्रत्येक फूल कोणीतरी अर्धे फाडल्यासारखे दिसत होते. हे कोणते झुडूप आणि त्याचा उपयोग काय? त्याच्या फळांचा रस डोळ्यांत घालतात असे ऐकले. तसे करून पाहावे काय?

उत्तर : आपण वर्णन केलेले झुडूप स्केव्होला टक्काडा असावे. हिंदी महासागरापासून हवाई बेटांपर्यंतच्या उष्ण किनाऱ्यांवर ते भरतीरेषेच्या लगत वाढते. त्याच्या फुलाच्या पाचही पाकळ्या एकाच बाजूला पंख्यासारख्या पसरतात आणि दुसरी बाजू मोकळी राहते. एका हाताच्या पंजासारख्या या आकारामुळेच, उजवा हात स्वतः आगीत जाळून घेणाऱ्या आणि म्हणून ‘डावरा’ ठरलेल्या म्यूशियस स्केव्होला या रोमन वीराचे नाव या प्रजातीला मिळाले. हवाईत या झुडपाला नौपाका म्हणतात. ताटातूट झालेल्या दोन प्रेमिकांपैकी एक डोंगरात गेला, दुसरा किनाऱ्यावर राहिला, त्यामुळे डोंगरावरच्या आणि किनाऱ्यावरच्या नौपाकाची फुले जुळवली की पूर्ण फूल होते, अशी तिथली कथा आहे. डोंगरावरच्या जाती खरोखरच वेगळ्या आहेत, ही मला त्या कथेतली विशेष सुंदर गोष्ट वाटते.

या झुडपाचा सर्वांत मोठा उपयोग ते जिथे उभे आहे तिथेच होतो. वाळूला टेकलेल्या फांद्यांना मुळे फुटतात, वाऱ्याने उडणारी वाळू त्यांच्याभोवती अडते आणि किनारा धरून राहतो. पांढऱ्या फळातील बुचासारख्या थरामुळे बी खाऱ्या पाण्यावर कित्येक महिने तरंगूनही रुजते. मात्र ते मूळचे नाही तिथे ते लावू नये : फ्लोरिडात किनारा बांधून ठेवण्यासाठी आणलेल्या या झुडपाने तिथल्या स्थानिक स्केव्होलाचीच जागा बळकावली.

खोडातला पांढरा, मऊ गाभा आग्नेय आशियात कृत्रिम फुले आणि शोभेच्या वस्तू करण्यासाठी वापरला जाई. हवाईत पोहणारे लोक पाण्यातल्या चष्म्याच्या काचेवर बाष्प धरू नये म्हणून आतून त्याची पाने चोळतात.

डोळ्यांत रस घालण्याची प्रथा जुनी आहे, हे खरे. तरीही आपण तो प्रयोग मुळीच करू नये. झाडावरून तोडलेल्या फळाचा रस निर्जंतुक नसतो आणि बुबुळाला झालेला संसर्ग दृष्टी हिरावून घेऊ शकतो. डोळ्यांची तक्रार असल्यास नेत्रतज्ज्ञांनाच दाखवावे.