अश्वगंधा चालू आहे, तरी डोळ्याला डोळा लागत नाही

वाचकांचे आरोग्याचे प्रश्न आणि चोपड्याच्या वैद्यांची उत्तरं

प्रश्न : मॅडम, सादर नमस्कार. मी रावेर तालुक्यातली, वय ४६. आमची घरची केळी आहे. मागच्या मे महिन्यात वादळ आलं आणि कापणीला आलेला बाग एका रात्रीत आडवा झाला. सोसायटीचं कर्ज आहे, ट्रॅक्टरचा हप्ता आहे, मुलगा पुण्याला शिकायला आहे. तेव्हापासून माझी झोप उडाली ती उडालीच. नऊला आडवी होते आणि कूस बदलत पडते. लाईटची रात्रपाळी असली की हे मोटार चालू करायला शेतात जातात. ते परत येईपर्यंत जीव टांगणीला, छातीत धडधड. दोनला झोप लागली तर लागली; पाचला तर उठावंच लागतं.

मोबाईलवर पाहून अश्वगंधा चूर्ण रोज चमचाभर दुधातून घेते. सासूबाई जायफळ उगाळून देतात. आधी थोडं होतं, आता जवळपास अर्धं जायफळ होतं. जटामांसीचा काढाही करते. आठवडी बाजारात एकानं ‘झोपेची पुडी’ दिली, ती कधी कधी घेते. शिवाय जाऊबाईंच्या ॲल्प्राझोलम या झोपेच्या गोळीतली अर्धी गोळी दोन-तीन महिन्यांपासून रोज चालू आहे. थायरॉईडची गोळी जुनीच आहे. घरात सगळे म्हणतात, ‘जीवाले घोर नको लावू.’ पण तो लागतोच. मला गोळी सोडून पूर्ण आयुर्वेदिकवर यायचं आहे. कोणतं औषध घेऊ?

— एक भगिनी, रावेर तालुका

उत्तर : ताई, आधी एक विनंती. ती अर्धी गोळी आज रात्री एकदम बंद करू नका. वैद्य असून मी असं सांगते याचं तुम्हाला नवल वाटेल. पण ॲल्प्राझोलम रोज काही आठवडे घेतली की मेंदूला तिची सवय लागते. ती अचानक तोडली तर झोप पूर्वीपेक्षा जास्त उडते, हातपाय थरथरतात, घाबरं होतं आणि काही जणांना फिटसुद्धा येते. मग माणूस म्हणतो, ‘बघा, गोळीशिवाय मला जमतच नाही,’ आणि पुन्हा घेतो. ही गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली, काही आठवड्यांत, थोडी थोडी कमी करत सोडतात. जाऊबाईंना ती त्यांच्या डॉक्टरांनी त्यांच्यासाठी दिली आहे. २०१४ पासून ही गोळी एच-१ या यादीत आहे, म्हणजे मेडिकलवाल्याला चिठ्ठी पाहून वेगळ्या रजिस्टरात नोंद करूनच ती द्यावी लागते. इतकी बंधनं ज्या गोळीवर आहेत ती घरातल्या डब्यातून वाटून घ्यायची नसते. या आठवड्यात डॉक्टरांकडे जा आणि काय काय घेता ते सगळं सांगा, पुडीसकट.

पुडी मात्र आजच उकिरड्यावर टाका. जिच्यावर लेबल नाही, घटक नाहीत, बनवणाऱ्याचं नाव नाही, तिच्यात काय आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. अशा ‘जडीबुटी’त ॲलोपॅथीच्या गोळ्यांची भुकटी मिसळलेली सापडल्याचे प्रकार होतात. ‘पहिल्याच रात्री गुण येतो’ म्हणून लोक भुलतात. वनस्पतीचा गुण सहसा इतका झटपट येत नाही, आणि माझा संशय नेमका तिथेच वाढतो. त्यावर तुमची अर्धी गोळी, म्हणजे एकावर एक दोन गुंगी.

आता अश्वगंधा. मी ती देते आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. मुळांच्या अर्कावर झालेल्या छोट्या चाचण्यांत, साधारण ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा असं काही आठवडे घेतल्यावर, ताण आणि झोप दोन्हींत थोडी सुधारणा दिसली आहे. थोडी, हे मुद्दाम लिहिते. पण तुम्ही थायरॉईडची गोळी घेता आणि अश्वगंधा थायरॉईडचं संप्रेरक वाढवू शकते. गोळीनं एक वाढ, चूर्णानं दुसरी. मग छातीत धडधड, घाम, हात थरथरणं, झोप न येणं. म्हणजे ज्या त्रासासाठी घेता तोच त्रास. तुमच्या बाबतीत हेच होतंय असं मी पत्रावरून म्हणणार नाही. पण टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, करून अहवाल हातात येईपर्यंत अश्वगंधा थांबवा. थायरॉईडची गोळी नेहमीसारखी सकाळी उपाशीपोटी चालू ठेवा. इतर वाचक भगिनींसाठीही सांगते: गरोदरपणात, यकृताचा आजार असताना किंवा शरीर स्वतःवरच उलटतं अशा आजारांत अश्वगंधा स्वतःच्या मनानं घेऊ नये. क्वचित यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली तर लगेच बंद.

जायफळाचं तुमच्या सासूबाईंना माझ्याकडून प्रेमानं सांगा. सहाणेवर दोन-तीन वेढे, दुधात, एवढंच त्याचं काम. बाळगुटीत आपण वेढे मोजून देतो ते उगाच नाही. अर्धं जायफळ हे औषध उरत नाही. तेवढ्यानं तोंड कोरडं पडतं, मळमळतं, छाती धडधडते, जास्त झालं तर भलतंसलतं दिसायला लागतं. तुमच्या धडधडीत त्याचाही हात असू शकतो.

जटामांसीची अडचण वेगळी आहे. ती हिमालयात, तीन हजार मीटरच्या वरच्या भागात वाढते, ओरबाडून ओरबाडून दुर्मिळ झाली आहे आणि बाजारात तिच्या नावानं दुसरीच मुळं खपतात. तिची भावंड म्हणावी अशी तगर. तगरीच्या युरोपातल्या जातभाईला व्हॅलेरियन म्हणतात. त्या व्हॅलेरियनवर पुष्कळ अभ्यास झाले, तरी अमेरिकेतल्या निद्राविकार तज्ज्ञांच्या संस्थेनं २०१७ साली निद्रानाशासाठी ते वापरू नये असाच कौल दिला, कारण पुरावा तोकडा पडला. माझ्या अनुभवात काही रुग्णांना तगर-जटामांसीनं शांत वाटतं, पण तुमचा काढा मी सध्या थांबवते. गुंगीच्या गोळीवर गुंगीचा काढा नको.

मग उरलं काय, असं तुम्ही म्हणाल. ताई, उरलं ते खरं औषध आहे. जगभरात जुनाट निद्रानाशावर पहिला उपाय म्हणून आज गोळीही सांगत नाहीत आणि काढाही सांगत नाहीत. झोपेच्या सवयी आणि झोपेबद्दलचे विचार बदलण्याची पद्धत सांगतात. हा बदल आपल्या गावात, आपल्या घरात करता येतो.

तुमची झोप तीन-चार तासांची आणि अंथरुणात तुम्ही आठ तास. उरलेला वेळ काळजीचा. महिनोन् महिने असं झालं की अंथरूण पाहिलं तरी मन जागं होतं. ओट्यावर डोळे पेंगतात आणि गादीवर पडलं की टक्क. म्हणून आजपासून साडेअकराच्या आधी अंथरुणाला पाठ लावायची नाही. उठायचं मात्र रोज पाचलाच. रात्र कशीही गेली तरी, रविवार असला तरी, पाहुणे असले तरी. पहिला आठवडा जड जाईल, दिवसा डोळे जळजळतील. त्या दिवसांत गाडी चालवू नका, विळा-कोयत्याचं काम दुसऱ्याला द्या. झोप सलग लागायला लागली की दर आठवड्याला पंधरा मिनिटं आधी झोपायला जायचं. फिट्सचा त्रास असलेल्यांनी हा प्रयोग डॉक्टरांना न विचारता करू नये.

अंदाजे वीस मिनिटांत झोप आली नाही तर उठायचं. घड्याळ बघायचं नाही, अंदाजच पुरे. ओसरीवर यायचं, मोठा दिवा लावायचा नाही आणि कंटाळवाणं, हाताला सवयीचं काम घ्यायचं. मी माझ्या रुग्णांना वाती वळायला सांगते. कापूस हाताशी असतो, डोकं लागत नाही, बोटं चालत राहतात. जांभया यायला लागल्या, वात वाकडी वळायला लागली की परत गादीवर. मोबाईल हातात घेऊन बसलात तर सगळं फुकट. दुपारची झोप आपल्या उन्हाळ्यात बंद करा म्हणणं निर्दयपणाचं आहे. अर्धा तास, तीनच्या आत. चहा दुपारी चारनंतर नको, कारण त्यातलं कॅफिन निम्मं उतरायलाही पाचेक तास लागतात. मे महिन्यात खोलीत भट्टी झाली असेल तर धाब्यावर किंवा अंगणात झोपा. शरीर थोडं थंड झाल्याशिवाय झोप येत नाही.

काळजीला वेळ द्या. दिवेलागणीच्या आधी अर्धा तास वही घेऊन बसा, शक्य तर दोघं मिळून. सोसायटीचं कर्ज: सचिवांना कधी भेटायचं, पुनर्गठनाचं काय विचारायचं. विमा: कोणता कागद कोणाकडे अडकला. मुलाची फी: कोणत्या तारखेला, किती. ज्याचं आज काहीच करता येत नाही तेही लिहा आणि त्यापुढे ‘आज नाही’ एवढं लिहा. रात्री तोच विचार आला की मनाला सांगायचं, वहीत आहे, उद्या संध्याकाळी. हे पहिल्या दिवशी जमत नाही. दोन-तीन आठवड्यांनी मन ऐकायला लागतं.

आणि ती रात्रीची मोटार. अंधारात, साप-विंचवाच्या बांधावरून माणूस जातो, तेव्हा बायकोला झोप लागत नाही हा आजार नाही. ती रास्त भीती आहे आणि तिच्यावर चूर्ण चालणार नाही. मोबाईलवरून मोटार चालू-बंद करणारा स्टार्टर बसवता येतो का बघा. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत अर्ज करा. सौरपंप दिवसा चालतो. तोवर बूट, बॅटरी, काठी, आणि शेतात पोहोचल्यावर एक, निघताना एक मिस्ड कॉल, हे यजमानांना माझ्या नावानं सांगा.

तुम्हाला आयुर्वेद हवा आहे, तर बिनधोक असलेलं देते. झोपायच्या आधी कपभर कोमट म्हशीचं दूध. झोप आणणाऱ्या पदार्थांत चरकांनी म्हशीच्या दुधाला पहिलं स्थान दिलं आहे, आणि आपल्याकडे ते दारात मिळतं. पचायला जड वाटलं तर निम्मं पाणी घाला. मग तळपायाला तिळाचं तेल किंवा तूप लावून काशाच्या वाटीनं दहा मिनिटं घासा. टाचेकडून बोटांकडे, दाब हलका. शेवटी पाय पुसून घ्या, नाहीतर फरशीवर घसराल. सुनेनं, लेकीनं किंवा यजमानांनी घासून दिलं तर फार बरं.

टीएसएचसोबत हिमोग्लोबिनही तपासा. रक्त कमी असलं की रात्री पाय वळवळतात आणि झोप मोडते. पाळी मागंपुढं होत असेल, रात्री अंगातून वाफा निघत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, या वयात झोपमोडीचं ते मोठं कारण आहे.

एक सरळ विचारते. ‘आता नकोच हे जगणं’ असा विचार तुमच्या मनात येतो का? यजमानांच्या बोलण्यात येतो का? येत असेल तर साडेअकरा-पाचचं गणित बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी फोन करा: १४४१६. टेली-मानसची ही सरकारी सेवा चोवीस तास, मोफत आणि मराठीत आहे. फवारणीची औषधं कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या. जळगाव आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचाराची तपासणी होते. तिथे जाण्यात कमीपणा नाही. मला पुन्हा लिहा, अहवालाचा आकडा कळवा. अश्वगंधा परत सुरू करायची की नाही ते तेव्हा ठरवू.

प्रश्न : रेल्वेत रात्रपाळ्या करून निवृत्त झालो. आता रात्री एकपर्यंत झोप येत नाही, सकाळी नऊपर्यंत उठवत नाही. मेलाटोनिन घ्यावं का? — भुसावळ

उत्तर : काका, तुमची झोप मोडलेली नाही, ती उशिरा सरकली आहे. मेलाटोनिन ही गुंगीची गोळी नाही. रात्र झाली असं शरीराला सांगणारा तो इशारा आहे. म्हणून तुमच्यासारख्या सरकलेल्या झोपेत त्याचा उपयोग होऊ शकतो, पण कमी मात्रेत, झोपेच्या काही तास आधी, आणि रक्त पातळ करण्याची, बीपीची किंवा साखरेची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच. त्याआधी फुकटचा उपाय करा. उठायची वेळ दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आणा आणि उठल्या उठल्या अर्धा तास उन्हात चाला. बायको घोरण्याची, झोपेत श्वास अडकल्याची तक्रार करत असेल तर तपासणी आधी, गोळी नंतर.

प्रश्न : आई ७८ वर्षांची आहे. रात्री झोपत नाही म्हणून भाऊ तिला ॲव्हिल देतो. चालेल का? — धुळे

उत्तर : नाही. ती ॲलर्जीची गोळी आहे. झोप हा तिचा दुष्परिणाम. या वयात तिनं भ्रम होतो, लघवी अडते, बद्धकोष्ठ होतं आणि रात्री उठताना तोल जातो. खुब्याचं हाड मोडलं तर आजी अंथरुणाला खिळतील. त्या रात्री कशासाठी उठतात ते आधी बघा. लघवी होण्याची गोळी संध्याकाळी देत असाल तर ती सकाळी देता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. दिवसभर खाटेवर पेंगत असतील तर सकाळी ओट्यावर उजेडात बसवा, शेंगा सोलायला द्या. गुडघे दुखत असतील तर झोपेची गोळी नको, आधी दुखणं बघा.